नदीचा उतार आधी पायी पाहावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की शनिवारी पहाटे मुलुंड आणि ऐरोलीच्या नाक्यांवरून थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जीपगाड्या कर्जत, मुरबाड, शहापूर, जव्हार, पालीच्या दिशेने निघतात. चार-सहा किलोमीटरची कच्ची वाट, तीत तीन-चार ओढे, एखादी नदी आणि अंधार पडायच्या आत परतीचा रस्ता, असा हा एका दिवसाचा छंद आहे. तो वाढतो आहे याचा आनंदच आहे. पण त्याबद्दल जे छापले जाते आणि मोबाइलवर फिरते त्यात दृश्य एकच असते: गाडी वेगाने पाण्यात शिरली आहे आणि दोन्ही अंगांना पाण्याचे पंखे उडाले आहेत. नवखा चालक तेच शिकतो आणि तेच सगळ्यात चुकीचे आहे. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

पाण्यातून गाडी नेण्याची सुरुवात गाडीतून खाली उतरून होते. खेड्यापाड्यात नदीला 'उतार' आहे का, असे विचारतात. उतार म्हणजे जिथून पायी, बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने पलीकडे जाता येते ती जागा. ती गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते, पण पुरागणिक थोडी बदलते. जूनमध्ये जिथे पोटरीएवढे पाणी होते तिथे ऑगस्टमध्ये रेव वाहून जाऊन डोह झालेला असू शकतो. गावात विचारताना "गाडी जाईल का?" असे विचारू नये, पाहुण्याला नाही म्हणणे जिवावर येते, "जाईल की" असे उत्तर मिळते. "आज सकाळी ट्रॅक्टर गेला का आणि पाणी मागच्या चाकाला कुठवर लागले?" असे विचारावे. मोठ्या ट्रॅक्टरचे मागचे चाक माणसाच्या छातीला लागते. त्याला अर्ध्या चाकाएवढे पाणी म्हणजे जीपचे जवळजवळ अख्खे चाक बुडाले.

विचारून झाल्यावर चालून पाहावे. सहा फुटी बांबू घ्यावा, त्यावर ३०, ४५ आणि ६० सेंटिमीटरवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. पायात बूट असावेत. अनवाणी पाय शेवाळलेल्या गोट्यांवर हमखास घसरतो. तोंड प्रवाह येतो त्या दिशेला, बांबू आपल्या पुढे टेकवलेला, आणि पाय न उचलता सरकवत आडवे जायचे. कमरेला दोर बांधून कोणाला पाण्यात सोडू नये. माणूस घसरला की दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो. त्याऐवजी दुसऱ्याने काठावर, थोडे खालच्या अंगाला, फेकायचा दोर हातात घेऊन उभे राहावे.

एकदा जाऊन आलो की झाले, असे नाही. गाडीला दोन रेषा लागतात आणि त्यांत सुमारे दीड मीटरचे अंतर असते. उजव्या चाकाखाली घट्ट रेव आणि डाव्याखाली खड्डा असेल तर गाडी नेमकी प्रवाहाच्या दिशेला कलते. म्हणून दोन्ही रेषा चालाव्यात, मधले मोठे गोटेही पायाने चाचपावेत. नव्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स (तळाची जमिनीपासूनची उंची) २२६ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभर. वीतभराहून उंच गोटा दोन चाकांच्या मध्ये आला की डिफचा (डिफरन्शियलचा, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा त्यावर बसतो आणि गाडी मधोमध अडकते.

पाणी वाचायला शिकणे अवघड नाही. खळखळ वाहणारे, पसरलेले पाणी बहुधा उथळ असते; गुळगुळीत आणि शांत दिसते ते खोल. वळणावर बाहेरच्या बाजूचा काठ कापलेला आणि खोल असतो, आतल्या बाजूला वाळू-रेव साठते. पृष्ठभागावर इंग्रजी व्हीसारखी खूण दिसली आणि तिचे टोक वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी दगड आहे. टोक खालच्या अंगाला असेल तर दोन दगडांमधून वाट आहे. पलीकडच्या काठावर चढ कसा आहे तेही तिथे जाऊनच बघावे. पाण्यातून नीट निघालेली गाडी ओल्या मातीच्या चढावर फिरत राहते आणि परत मागे पाण्यात घसरते, हे फार वेळा घडते. शेवटी खालच्या अंगाला पन्नास मीटर नजर टाकावी. तिथे धबधब्याची कड, बाभळीचे झुडूप किंवा पुलाची मोरी असेल तर ती जागा सोडून द्यावी, पाणी कितीही कमी असो.

आता वेग. काठावर दहा मीटर मोजून दोन खुणा कराव्यात आणि वरून एक काटकी टाकावी. दहा मीटरला दहा सेकंद लागली तर प्रवाह सेकंदाला एक मीटर. पाच सेकंद लागली तर दोन मीटर. हा फरक दुपटीचा वाटतो, गाडीवर मात्र तो चौपट होतो, कारण पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. चार मीटर लांबीची गाडी अर्धा मीटर पाण्यात आडवी उभी असेल तर सेकंदाला एक मीटरच्या प्रवाहाचा तिच्यावर सुमारे १०० किलोचा रेटा येतो आणि दोन मीटरच्या प्रवाहाचा सुमारे ४०० किलोचा. त्याच वेळी गाडी हलकी होत असते. पाणी तळाच्या पत्र्याला लागले की पुढच्या प्रत्येक दहा सेंटिमीटरला, आत पाणी शिरेपर्यंत, चार-पाचशे किलो वजन पाणी उचलून धरते. पावणेदोन टनांच्या गाडीचा टायर शेवाळलेल्या गोट्यावर कितीसा धरून राहणार? अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा चालकांना सांगते की जोराच्या प्रवाहात १५ सेंटिमीटर पाणी माणसाला पाडू शकते, ३० सेंटिमीटर बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर एसयूव्हीसुद्धा. म्हणून नियम एकच ठेवावा: जिथे धडधाकट माणसाला बांबूच्या आधाराने आरामात चालता येत नाही, तिथे गाडी घालायची नाही. काटकी आपल्या भरभर चालण्यापेक्षा वेगाने जात असेल तर चालून पाहायलाही उतरू नये.

फरशी पुलाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण लोकांना तो नदीपात्रापेक्षा सुरक्षित वाटतो. वरून पाणी वाहत असलेला फरशी पूल उलट जास्त धोक्याचा. काँक्रीटवर शेवाळ धरलेले असते, कठडे नसतात, कड गढूळ पाण्यात दिसत नाही आणि खालच्या अंगाला पाणी पडून पडून फरशीखालची माती उकरली गेलेली असते. पात्रात घसरलेली गाडी एखाद्या गोट्याला अडू शकते. फरशीवरून घसरलेली थेट खाली पडते.

सह्याद्रीच्या पश्चिम उताराच्या नद्या आखूड आणि तीव्र आहेत. घाटमाथ्यावर तासभर कोसळले तर पायथ्याला ऊन असतानाही लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेले, ते पाणी असेच अचानक वाढल्यामुळे. लोंढ्याआधी खुणा मिळतात: स्वच्छ पाणी गढूळ होते, पाने-काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज जड होतो. ओढ्याशी पोहोचताच पाण्याच्या कडेला एक काडी खोचून ठेवावी. चालून पाहणे, दोर लावणे यांत दहा-पंधरा मिनिटे जातातच. तेवढ्यात काडी पाण्यात गेली तर परत फिरावे. तीन-चार ओढ्यांच्या वाटेवर तर हे फारच महत्त्वाचे, कारण दुसरा आणि तिसरा ओढा ओलांडल्यावर दोन्हीकडे पाणी वाढले की मधल्या टापूत रात्र काढावी लागते. पाऊस नसतानाही पाणी वाढते. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत येते आणि कोलाडचे राफ्टिंग त्यावरच चालते. खोपोलीच्या केंद्राचे पाणी पाताळगंगेत उतरते. तिथे सकाळी नऊचा उतार अकराला असेलच असे नाही.

आपली गाडी किती पाणी सोसते हे घरीच मोजून ठेवावे. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, फोर्स गुरखासाठी ७००. हे आकडे गाडीचे आहेत, नदीचे नाहीत. ६५० मिलिमीटर म्हणजे मांडीच्या मध्यापर्यंत आलेले पाणी, आणि वाहत्या पाण्यात तेवढी खोली कोणीही घेऊ नये. वाहत्या पाण्यात चाकाच्या मध्याच्या वर जाऊ नये. थारच्या १८ इंची चाकावर ते साधारण ३८ सेंटिमीटर येते. इतर गाडी असेल तर बॉनेट उघडून एअर क्लीनरपासून पुढे जाणारा पाइप हाताने धरत न्यावा आणि त्याच्या तोंडाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांत हे तोंड जाळीमागे असते आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना असते. त्या गाड्या काठावर उभ्या कराव्यात. स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा उंचावरून घेणारा पाइप, लावला म्हणजे खोली वाढली, हाही गैरसमज आहे. हवेचे तोंड उंच झाले, पण डिफचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र), फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर होते तिथेच राहिले, आणि बाहेरून बसवलेल्या स्नॉर्केलचा एखादा सांधा सैल असेल तर पाणी तिथूनच ओढले जाते.

पाणी ओढले की काय होते? हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. २.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरचे माप ५५० सीसी. कॉम्प्रेशन १६ला १ धरले तर पिस्टन वर आल्यावर वर उरते ती जागा ३५ ते ४० सीसी. अर्ध्या कटिंगएवढे पाणी पुरते. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्यात सेल्फ मारला तर उरलेसुरले वाचलेलेही जाते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही. इंजिन प्रोटेक्टची जोडपॉलिसी लागते, आणि पाण्यात पुन्हा सेल्फ मारल्याचे दिसले तर तिच्यावरही वाद होतो.

म्हणूनच वेगाने घुसणे चूक. ३० सेंटिमीटर पाण्यात ताशी ३० किलोमीटरने शिरलेली गाडी समोरचे पाणी बॉनेटवर आणि जाळीतून आत ढकलते. उथळ पाण्यातही इंजिन मरते ते असे. काठावरच थांबून फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा संथ गिअर) टाकावा, पाण्यात गेल्यावर नाही. एसी आणि ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करावे. एसीमुळे पंखा फिरतो आणि पाण्यात त्याची पाती वाकून रेडिएटरला लागतात. टायरची हवा ३२-३५ पीएसआयवरून २०-२२वर आणावी, म्हणजे टायर गोट्याला धरून बसतो. १५च्या खाली गेले तर तो रिममधून निघू शकतो. पाणी चाकाच्या मध्याच्या जवळ येत असेल तर पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधावी. सगळ्या काचा खाली, दरवाज्यांची लॉक उघडी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर बंद गाड्यांत माणसे गुदमरली, हे आपल्या शहराला सांगायला नको. पाण्यात वीज गेली की काच खाली येईलच असे नाही.

हायवेवरून येऊन गाडी लगेच पाण्यात घालू नये. डिफ आणि हब (चाकांचे मधले भाग) तापलेले असतात. थंड पाणी लागताच आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत खेचले जाते. ब्रीदरला रबरी नळी लावून ती इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत आणणे हे शे-दोनशे रुपयांचे काम आहे, पण हौशी सामानाच्या यादीत ते बहुधा शेवटी येते. चालून पाहण्यात जी दहा-पंधरा मिनिटे जातात तेवढ्यात डिफ निवतो.

मागच्या रिकव्हरी पॉइंटला (गाडी ओढण्यासाठीच्या हुकाला) दोर आधीच लावून त्याचे दुसरे टोक खिडकीतून आत घ्यावे. गाडी अडकल्यावर वाहत्या पाण्यात हुक शोधायला उतरावे लागू नये. मग फोर-लोचा पहिला किंवा दुसरा गिअर, शिरताना ताशी तीन-चार किलोमीटर, पुढे लाट तयार झाली की सहा-आठ. ही लाट बंपरच्या जरा पुढे चालत राहिली की तिच्यामागे, इंजिनाच्या जागी, पाण्याची पातळी खाली राहते. लाटेच्या पुढे जायचे नाही, थांबायचे नाही, गिअर बदलायचा नाही आणि क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की प्लेटमध्ये पाणी आणि गाळ शिरतो आणि क्लच घसरू लागतो. सायलेन्सर बुडाला म्हणून रेस वाढवायची गरज नाही. चालू इंजिनाचा धूर पाणी मागे ढकलतो. एका वेळी एकच गाडी पाण्यात. मागची गाडी पुढची पलीकडे वर चढेपर्यंत काठावरच.

इंजिन मधेच बंद पडले तर पहिली गोष्ट म्हणजे सेल्फ मारू नये. पाणी गुडघ्याखाली आणि संथ असेल तर बॉनेट उघडून एअर क्लीनरचे झाकण काढून फिल्टर हाताने पाहावा. कोरडा असेल तर इंजिन नुसते बंद पडले आहे, सुरू करता येईल. ओला असेल तर टोचन लावून बाहेर ओढावे. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग आणि डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन फिरवले, पाणी बाहेर आले, तेल बदलले, मगच चालू करायचे. हे काम मेकॅनिकचे. पाणी वाढत असेल तर गाडीचा विचार सोडावा, माणसे खिडकीतून टपावर, आणि ११२ला फोन. गाडीच्या खालच्या अंगाला कोणी उभे राहू नये. गाडी सरकली तर माणूस तिच्याखाली जातो.

ओढताना टो बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा) किंवा ट्रकवर गाडी नेताना बांधायची कडी वापरू नये. तुटलेली कडी गोळीसारखी येते. ४.७५ टनाची १९ मिलिमीटरची शॅकल (पिनेची लोखंडी कडी), चासीला बोल्ट केलेला हुक, दोरावर मधोमध ओले पोते, आणि बघ्यांनी दोराच्या दीडपट लांब उभे राहावे.

पलीकडे चढल्यावर डाव्या पायाने ब्रेक हलका दाबत शंभर मीटर चालवावे, म्हणजे ड्रम सुकतात. नंबर प्लेट जागेवर आहे का पाहावे. पाण्याच्या रेट्याने ती वाकते, कधी निघून जाते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी टायरमध्ये हवा भरून पूर्ववत करावी. घरी आल्यावर डिफचा ड्रेन बोल्ट अर्धा-एक आटा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसते आणि आधी तेच टपकते. तेल दुधाळ चहाच्या रंगाचे दिसले तर लगेच बदलावे, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू नये. तेवढ्यात बेअरिंग गंजते. शाफ्टच्या क्रॉसना (सांध्यांना) जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे मारावे, मागचे ड्रम उघडून रेती धुवावी, मॅट उचलून तळाची रबरी बुचे काढून पाणी जाऊ द्यावे. पायाला जखम असताना गढूळ पाण्यात उतरलेल्याने लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीसाठी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारावे.

गाववाल्यांचेही आपण काही देणे लागतो. उतारावरून सरळ पलीकडे जावे, पात्रात उभे-आडवे फिरू नये. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात, ते याच उथळ रेवेत. पात्रातला झरा किंवा विहीर हे पाड्याचे पिण्याचे पाणी असते. त्यात डिफचे तेल आणि डिझेल जाते. भाताच्या बांधावर चाक चढवले तर खाचरातले पाणी निघून जाते आणि लावणी फुकट जाते. तानसा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये आहेत. तिथे आणि राखीव वनात वनखात्याच्या परवानगीवाचून गाडी नेता येत नाही. पावसाळ्यात धबधबे आणि नद्यांच्या परिसरात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली मनाई आदेश काढतात, तेही निघण्याआधी पाहावेत. आणि ट्रॅक्टरने बाहेर काढले तर ज्याने भर लावणीत अर्धा दिवस मोडला त्याला त्याची पूर्ण मजुरी आणि डिझेल द्यावे, घासाघीस करू नये.

आपल्याकडे एक विनंती. पर्यटन पुरवणीत अशी वाट छापताना ती कोणत्या महिन्यात पाहिली, तेव्हा पाणी किती सेंटिमीटर होते आणि जमीन कोणाची, या तीन गोष्टी सोबत द्याव्यात. आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठ्याची जी चौकट वृत्तपत्रे पावसाळ्यात छापतात, तीत भातसा, तानसा आणि मोडकसागर यांच्यापुढे विसर्गाचा एक रकाना वाढवावा. शनिवारी पहाटे शहापूरकडे निघणारा माणूस घर सोडण्याआधी अंक चाळतो. तो आकडा त्याला तेव्हाच दिसला पाहिजे.

आपले,
मुलुंड-भांडुप परिसरातील काही जीपचालक आणि गॅरेज-कारागीर